जुनी ट्विन कील सेलबोट घेताना काय बघावं? (भरती-ओहोटीच्या खाडीत ठेवण्यासाठी)

कुंडलिकाकाठ
नमस्कार मंडळी. रेवदंड्याला कुंडलिकेच्या तोंडाशी ओहोटीला उघडी पडणारी एक जागा बोट ठेवायला मिळते आहे. साळाव पुलाच्या समुद्राकडच्या बाजूला, कारण डोलकाठी पुलाखालून जायची नाही. तिथे ठेवायला जुनी ट्विन कील सेलबोट (तळाला पाण्याखाली दोन कील, म्हणजे दोन जाड पाय असलेली) घ्यायचा विचार आहे. वापर ऑक्टोबर ते मे, माणसं दोन-तीन, पट्टा मुंबई ते मालवण, रात्रीचा मुक्काम बोटीवरच.

नजरेत दोन आहेत. एक वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी, १९७४ ची, मूळचं दोन सिलिंडरचं व्होल्वो डिझेल, गोव्यात जमिनीवर उभी. दुसरी हर्ली २२, दोन किलांचीच, मागे आउटबोर्ड (बाहेर लटकवलेलं इंजिन), मुंबईत. दोन्ही फायबरच्या.

ट्विन कील आपल्या किनाऱ्याला खरंच योग्य आहे का? आणि पन्नास वर्षांच्या बोटीत नेमकं काय तपासायचं?

मतलई
चांगला धागा. सेंटॉरची थोडी माहिती देतो. लॉरेंट जाइल्स यांच्या संस्थेचं डिझाइन, १९६९ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये २४०० च्या वर बोटी बनल्या. रुंदी २.५७ मीटर, पाण्याखाली ०.९१ मीटर, वजन तीन टनांच्या थोडं वर. सामान, पाणी, डिझेल भरल्यावर साडेतीन धरा. आत उभं राहता येतं, सहा जण झोपू शकतात. इंग्लंडच्या चिखलाच्या खाड्यांसाठीच बनवलेली बोट आहे, त्यामुळे ओहोटीला बसणं हा तिचा रोजचा धंदा. इतक्या बोटी बनल्यामुळे तिची दुखणीही सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि जुनी बोट घेताना हे फार मोलाचं.

वाघोटण
थोडा विरोधी सूर लावतो. ट्विन कीलची गरज कुठे आहे हे आधी ठरवा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत साडेतीन-पावणेचार मीटरचा फरक पडतो, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) दीड मीटरच्या आसपास. खाली रत्नागिरीपर्यंत हा फरक जवळजवळ निम्मा होतो, मालवण-वेंगुर्ल्याला आणखी कमी. विजयदुर्गसारख्या ठिकाणी खाडीतच चांगलं खोल पाणी आहे, तिथे साध्या फिन कीलची (मध्ये एकच कील असलेली) बोट बारा महिने तरंगती राहते. ट्विन कीलचा खरा फायदा धरमतर, रेवस, रेवदंडा, राजपुरी या उत्तरेकडच्या चिखलाच्या पट्ट्यात.

त्या फायद्याची किंमत वाऱ्याच्या तोंडावर जाताना मोजावी लागते. ढोबळ हिशेब असा. बऱ्या स्थितीतली फिन कील बोट वाऱ्याला ४५ अंशांत जाते, चार-पाच अंश वाऱ्याखाली घसरते. पाच नॉट चालली तर वाऱ्याच्या दिशेने सव्वातीन नॉट पदरात पडतात. जुनी ट्विन कील ५५ अंशांत जाते, सात-आठ अंश घसरते; साडेचार नॉट चालली तरी हाताशी दोनच नॉट. मालवणहून परत येताना दुपारचा वायव्येचा खारा वारा तोंडावरच असतो. जयगड ते दाभोळ एवढ्यासाठी दिवस जाईल.

मतलई
वाघोटण, आकडे मान्य. पण उत्तरेकडे जायचं ते दुपारी कशाला? पहाटे तीन-चारला मतलई वारा जमिनीवरून सुटतो, तो सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. पूर्वेचा वारा म्हणजे उत्तरेला जाणाऱ्या बोटीला आडवा, आणि आडव्या वाऱ्यावर ट्विन कील फिन कीलच्या बरोबरीने चालते. किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांत राहायचं, मतलई पडली की जवळच्या खाडीत शिरायचं. गलबतं अशीच चालायची. ट्विन कीलला हा रिवाज पाळावा लागतो, फिन कीलवाला तो मोडू शकतो, एवढाच फरक.

मात्र तीन मैलांच्या पट्ट्यात रात्री जाळी असतात. पुढे बसलेल्या माणसाच्या हातात टॉर्च हवा आणि लांब काठीला बांधलेली करवती दातांची सुरी. जाळ्याची दोरी दोन किलांमधून सरकते आणि थेट पंख्यावर किंवा सुकाणूवर जाऊन अडकते.

केवडा
वाचतेय. एक भाबडा प्रश्न : आपल्याकडच्या साध्या फायबर होडीला दोन बाजूंना लोखंडी पाय बसवले तर तेच काम होणार नाही का?

फायबरमिस्त्री
केवडा, नाही. होडी ओहोटीला उभी राहील, पण शीड लावलं की कलंडेल. ट्विन कीलमध्ये बॅलास्ट किलांमध्येच असतो, सेंटॉरसारख्या बोटीत ओतीव लोखंडाचा. त्या वजनाने बोट सरळ राहते, आणि तो भार घेण्यासाठी तळाचं फायबर किलांच्या मुळाशी जाड केलेलं असतं. साध्या होडीचा तळ तेवढा जाड नसतो. बाहेरून बोल्ट मारले की पहिल्या लाटेत बोल्टांभोवती तडे जातात.

आता मूळ प्रश्न. ट्विन कीलमध्ये पैसे बुडतात ते किलांच्या मुळाशी, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

बोट जमिनीवर उभी असताना सगळं वजन किलांवर असतं, सांधा दाबला जातो, फट मिटते. त्या अवस्थेत पाहिलेल्या किलाला अर्थ नाही. हायड्रा क्रेन बोलवा, बोट पट्ट्यांवर फूटभर उचला. एक पट्टा किलांच्या पुढे, एक मागे. मागचा पंख्याच्या शाफ्टवर किंवा सुकाणूवर येत नाही ना ते बघून. उचलल्यावर प्रत्येक किलाचं खालचं टोक दोन्ही हातांनी आडवं ढकला आणि ओढा. दुसरा माणूस आत बिल्जमध्ये (फळ्यांखालच्या तळात) टॉर्च घेऊन, नटाच्या वॉशरवर बोट ठेवून बसलेला हवा. किलाबरोबर तळ हलताना जाणवला, वॉशरखाली पाण्याचा बुडबुडा आला, किंवा सांध्याच्या मागच्या टोकाला नख जाईल एवढी फट उघडली, तर आतून मजबुतीचं काम लागणार.

सेंटॉरचे कील बाहेरच्या बाजूला फाकलेले आहेत. त्यामुळे बोट कडक वाळूवर बसताना प्रत्येक लाटेला कील आणखी बाहेर फाकायला बघतात आणि मुळाशी तळ वाकतो. वर्षानुवर्षं हे झालं की आतल्या बाजूला किलाला समांतर तडे दिसतात. सुरुवातीच्या बोटींत हे जास्त, म्हणून अनेक मालकांनी आत आडव्या फायबरच्या फ्रेम टाकून घेतल्या आहेत. तुमच्या बोटीत फळ्या उचलून बघा : फ्रेम दोन्ही किलांच्या मुळांना आडव्या जोडतात का, आणि बाजूने बंकखालपर्यंत (झोपायच्या बाकाखालपर्यंत) चढवलेल्या आहेत का. मधल्या मध्ये थांबवलेली फ्रेम ताण फक्त पुढे ढकलते, तडा तिच्या टोकाशी जातो.

नट गंजलेले दिसले म्हणून घाबरू नका, आणि चकचकीत दिसले म्हणून भुलू नका. नट बदलून रंग मारता येतो, बोल्ट आतून बारीक झालेला असतो. तो बारीक होतो सांध्याच्या रेषेवर, जिथे पाणी शिरतं पण हवा पोचत नाही. प्रत्येक बाजूचा एक बोल्ट काढून बघायची अट घाला. मालक नाही म्हणाला तर सगळे बोल्ट बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. नव्या बोल्टखाली जाड बॅकिंग प्लेट हवी, पातळ वॉशर फायबरमध्ये रुततो. सांध्याला पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन तिथे चालत नाही.

शिंपली
फायबरमिस्त्री यांना +१००. वाचनखूण साठवली.

राजपुरीकर
यात एक भर. सगळ्या दोन-पायी बोटी एका जातीच्या नाहीत. काही जुन्या बोटींत मध्ये लांब मुख्य कील आणि बाजूंना लोखंडी पत्र्याचे दोन पंख असतात. मधला कील वजन घेतो, पत्रे फक्त कलंडू देत नाहीत. असे पत्रे खालच्या कडेला गंजून कागदासारखे होतात. हातोडीने हलकेच ठोकत जा, आवाज बदलला की पत्रा संपला. आणखी काहींत बॅलास्ट फायबरच्या आत कोंडलेला असतो. तिथे किलाच्या तळाची झीज बघा. रेतीवर घासून फायबर संपलं की पाणी आत जातं, लोखंड गंजून फुगतं आणि बाजू फोडतं.

१९८० च्या दशकात हंटर कंपनीने डिझायनर डेव्हिड थॉमस यांच्याकडून करून घेतलेल्या ट्विन कील बोटी वाऱ्याच्या तोंडावर सेंटॉरपेक्षा बऱ्याच चांगल्या जातात. सॅडलर २६ चं दुहेरी कवच फोमने भरलेलं आहे, बुडवली तरी तरंगते. मिळाली तर बघा. पण बाहेरून मागवताना वाहतूक आणि ड्युटी धरून बोटीची किंमत कुठच्या कुठे जाते.

कुंडलिकाकाठ
सर्वांचे आभार. फायबरमिस्त्री, क्रेनची अट विक्रेत्याला कळवली, तो तयार आहे. बोट दहा वर्षं उन्हात उभी आहे, त्याचा काही परिणाम?

फायबरमिस्त्री
एका अर्थी चांगलं. दहा वर्षं कोरडी म्हणजे तळातलं पाणी निघून गेलेलं. पण तेवढ्यावर ऑस्मॉसिस (फायबरमध्ये पाणी मुरून फोड येणं) नाही असं म्हणू नका. फोड सुकले की सपाट होतात. अँटीफाउलिंग रंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा) चार-पाच जागी, तळहाताएवढा, जेलकोटपर्यंत (फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरापर्यंत) खरवडा : एक पुढे, एक मागे, एक दोन किलांच्या मध्ये, बाकी पाण्याच्या रेषेखाली. बारीक गोल डाग दिसले तर फोडून बघा. व्हिनेगरसारखा वास आणि चिकट पाणी म्हणजे ऑस्मॉसिस. आपलं पाणी कोमट, त्यात हे वेगाने वाढतं. जेलकोट काढून, धुऊन, पूर्ण सुकवून इपॉक्सीचे पाच-सहा हात मारायचे. सुकवायचा काळ फेब्रुवारी ते मे, जूननंतर हवेतली ओल फायबर सुकूच देत नाही.

उन्हाने वरचं जास्त बिघडतं. डेकवर प्लास्टिकच्या मुठीची हातोडी ठोकत फिरा, रेलिंगच्या खांबांभोवती आणि डोलकाठीच्या पायथ्याशी जास्त. टणक आवाज सोडून बद्द आवाज आला की आतलं लाकूड कुजलं. जुन्या वेस्टर्लीत छताचं फोमवालं रेक्झिन लोंबतं, मागचा फोम पावडर होतो. ते दिसायला भयानक, पण धोक्याचं नाही. भाव पाडायला मात्र चांगलं.

डोलकाठी
रिगिंगचं, म्हणजे डोलकाठीला ताणून धरणाऱ्या वायरींचं, मी सांगतो. दहा वर्षं उभ्या बोटीच्या वायर तपासत बसू नका, सगळ्या बदलायच्या असंच धरा. स्टीलची वायर टोकाला जिथे फिटिंगमध्ये दाबलेली असते तिथे आत मीठ साचतं आणि केसासारखा तडा जातो. बाहेरून चकचकीत, एक दिवस तुटते. चेनप्लेट, म्हणजे वायर जिला खाली बांधतात ती पट्टी, काढून डेकमधून जाणारा भाग बघा. डोलकाठी डेकवर उभी असेल तर तिच्या पायाखाली डेक दबलाय का ते सरळ पट्टी ठेवून पाहा. दबला असेल तर खालचा आधाराचा खांब किंवा त्याच्या बुडाचं लाकूड कुजलंय. केबिनचा दरवाजा घासत असेल तर हीच शंका घ्या.

इंजिनवाला
मूळचं व्होल्वो म्हणजे बहुधा एमडी२बी, २५ हॉर्सपॉवर. दणकट, पण थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारं. पन्नास वर्षांत पाण्याच्या वाटा मिठाने निम्म्या होतात. थंड इंजिन सुरू करायला लावा; तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. बोट बांधून, गिअर टाकून अर्धा तास लोडवर चालवा. बोट जमिनीवर आहे, तर आधी ड्रममधून पाणी देऊन चालवा आणि लोडची चाचणी पाण्यात उतरवल्यावर, पूर्ण पैसे द्यायच्या आधी. एक्झॉस्टमधून पाणी उड्या मारत, भरपूर यायला हवं.

चिखलाच्या खाडीत इंजिनचा शत्रू गाळ आहे. पाणी घेण्याचं भोक दोन किलांच्या मध्ये असतं. बोट टेकायच्या आधी इंजिन बंद, सी-कॉक (त्या भोकाचा नळ) बंद. तरंगल्यावर दहा मिनिटं थांबून खालचं गढूळ पाणी वाहून गेलं की मगच सुरू करायचं. इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) दोन जास्तीचे जवळ हवेत. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाचं रबरी बेअरिंग गाळाने लवकर झिजतं. पंखा हाताने वर-खाली हलवा, खडखडला तर ते बदलायचं.

सी-कॉक पितळी असतील तर सुरीने खरवडा. पिवळा निघाला तर ठीक, गुलाबी निघाला तर जस्त निघून गेलंय, हातोडीच्या एका फटक्यात तुटेल. पैसे कमी असतील तर शिडं पुढच्या वर्षी घ्या, पण सी-कॉक आधी बदला.

हर्लीच्या आउटबोर्डबद्दल : पार्ट्स आणि मेकॅनिक कुठेही मिळतात, ओहोटीला वर उचलता येतो. पण खाडीच्या तोंडाशी लाट उभी असली की मागून लटकलेला पंखा हवेत येतो, आणि नेमकी तेव्हाच ताकद हवी असते. लांब शाफ्टचाच घ्या.

दर्यासारंग
जरा इतिहास. आंग्र्यांच्या आरमाराची गुराबं आणि गलबतं कमी पाण्यात चालणारी होती, म्हणून इंग्रजांची मोठी जहाजं पाठीवर असताना ती खाडीत शिरू शकत. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे मराठ्यांच्या गोदीचे अवशेष आजही आहेत, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरड्यावर काम करायचं. तळ तासायला ओहोटीचा वापर आपल्याकडे नवा नाही.

वाघोटण
दर्यासारंग, छान आठवण. ती गोदी बघायला ओहोटीच्या वेळीच जा.

राजपुरीकर
आता ज्या मुद्द्यावर कुणी आलं नाही तो : जागा. कुंडलिकाकाठ, बोट घेण्याआधी जागेचं माप घ्या. उधाणाच्या ओहोटीला जागेवर उभे राहा. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. जुना हिशेब सगळ्यांना माहीत आहेच, तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दक्षिणेला भरती थोडी आधी येते. उधाणाची सर्वांत मोठी ओहोटी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणून द्वितीयेच्या सकाळी साडेसहा-सातला जा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, टाइड टेबलात कमी आकड्याची बघून जा.

नेमकं काय मोजायचं? पाणी उतरताना तुमच्या जागेचा तळ उघडा पडतो त्या क्षणी घड्याळ बघा आणि टेबलावरून त्या वेळची पाण्याची उंची काढा. सहा तासांचे बारा भाग करायचे : पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ३.६ मीटर असेल तर एक भाग ३० सेंटीमीटरचा. तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी ताशी ९० सेंटीमीटर उतरतं, मिनिटाला दीड सेंटीमीटर. मधल्या ओहोटीत बोट रुतली तर विचार करायला वेळ नसतो तो यामुळे.

समजा तळ १.२ मीटरला उघडा पडला. बोट ०.९ बुडते, ०.३ मोकळीक. म्हणजे २.४ मीटर पाणी असेल तेव्हा तुम्ही हलू शकता. आता वर्षभराच्या टेबलात अष्टमीच्या आसपासच्या सगळ्यांत लहान भरत्या बघा. त्या २.४ च्या वर असतील तर बोट रोज तरंगेल. खाली असतील तर भांगात चार-पाच दिवस जागची हलणार नाही. हाच हिशेब मालवणात केला तर बोट चिखलात बसून राहील, कारण तिथे उधाणाची भरतीसुद्धा जेमतेम तेवढी येते.

आणि एक कायम लक्षात ठेवा : अनोळखी जागी बोट बसवायची तर उधाण चढत असताना, म्हणजे एकादशी-द्वादशीला. उधाणाच्या सर्वांत मोठ्या भरतीला वर नेऊन बसवलीत तर पुढची प्रत्येक भरती लहान होत जाते, मग पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा थांबा.

मालवणी_तारू
आधी चिखलात पाय घालून बघा, मगे होडयेचो इचार करा!

शिंपली
मालवणी_तारू, एका ओळीत सगळा धागा :) पण खरंच, चिखलात काय बघायचं?

राजपुरीकर
बांबू घ्या, किलांच्या अंतरावर, म्हणजे साधारण दीड-पावणेदोन मीटरवर, दोन ओळींत दर अर्ध्या मीटरला खुपसा. दोन्ही ओळींत बांबू सारखाच आत जायला हवा. एक कील घट्ट मुरमावर आणि दुसरा मऊ गाळात पडला तर बोट कलते. वीस सेंटीमीटर फरकाला सात अंश, चालून जाईल. चाळीस झाला तर आत झोपता येत नाही आणि एका किलाच्या मुळावर बहुतेक भार येतो. तळात दगड, खुंट, गंजलेल्या सळ्या, कुणाचा जुना नांगर आहे का ते चाचपा. कालवं असतील तर खाली खडक आहे असं समजा. अलिबागला कुलाबा किल्ल्याकडे जाताना लागतो तसा खडकाळ पट्टा वरून वाळूने झाकलेला असला की फसवतो.

सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे स्वतःचा नांगर. ओहोटीला बोट स्वतःच्या नांगराच्या फाळावर बसली की तळ फुटतो. पुढे-मागे दोन नांगर, चिखलात पूर्ण पुरलेले, आणि बोट प्रवाहाच्या रेषेत राहील अशी साखळी ताणून. बोट रोज त्याच दोन खाचांत बसली पाहिजे. फूटभर सरकली की एक कील खाचेत आणि दुसरा कडेवर.

मतलई
गाळ जाड असेल तर आणखी एक. भरती चढताना चिखल किलांना धरून ठेवतो, पाणी नेहमीच्या रेषेपेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर वर चढतं आणि मग बोट एकदम सुटते. तेवढ्या वेळात पाण्याच्या रेषेजवळची उघडी भोकं, सिंकचं किंवा कॉकपिटचं (मागच्या उघड्या बसायच्या जागेचं), आत पाणी घेतात. दोन माणसं एका बाजूकडून दुसरीकडे चालली की चिखल लवकर सोडतो.

आणि सुकाणू. त्याचं बूड किलांच्या तळापेक्षा वर आहे ना ते मोजा. मागे उतार असलेल्या जागी सुकाणूच टेकतं आणि बोटीचं वजन त्याच्या शाफ्टवर येतं. बोट कोरडी असताना त्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरचं भोक पाडा. गंजाचं पाणी ठिबकलं तर आतली पट्टी संपत आली आहे.

वाघोटण
मला खरी भीती लाटेची आहे. पुलाबाहेर, कुंडलिकेच्या तोंडाशी दुपारी वायव्येचा वारा असताना उसळी आत येते का? चिखलात बोट अलगद बसते. कडक वाळूवर टेकताना आणि सुटताना वीस-पंचवीस मिनिटं आपटत राहते, आणि फायबरमिस्त्रींनी सांगितलेले किलाचे तडे तिथूनच सुरू होतात. शिवाय मच्छीमार बोटींच्या येण्याजाण्याने उठणारी लाट. भांगात ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे बोट दहा-अकराला बसते, वारा तेव्हा कमी. पण सुटते दुपारी दोन-तीनला, खारा वारा जोरात असताना. तो तास जागेवर उभं राहून बघा.

केवडा
पावसाळ्यात काय करायचं? ट्विन कील आहे म्हणून खाडीतच ठेवली तर?

फायबरमिस्त्री
केवडा, खाडीच्या तोंडाशी तर मुळीच नाही. मेच्या अखेरीस वर घ्यायची, नारळी पौर्णिमेनंतर उतरवायची, बाकीच्या होड्यांबरोबर. ट्विन कीलचा इथे मोठा फायदा म्हणजे टेकू लागत नाहीत, स्वतःच्या पायावर उभी राहते. पण अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात जमीन मऊ होते आणि एक कील खचतो. प्रत्येक किलाखाली दोन इंच जाड, फूटभर रुंद, किलापेक्षा लांब फळी घाला. बोटीचा उतार कॉकपिटच्या ड्रेनकडे जाईल असा ठेवा. पानांनी ड्रेन तुंबला की कॉकपिट भरतं, पाणी दारावरून आत केबिनमध्ये, आणि सप्टेंबरात इंजिन पाण्याखाली सापडतं. आठवड्याला एकदा ड्रेनमध्ये तार घालणारा माणूस ठरवून ठेवा. ताडपत्री डोलकाठी आडवी ठेवून तिच्यावरून टाका, दोन्ही टोकं उघडी, वारा खेळला पाहिजे.

किलांच्या मधला भाग रंगवायला हीच वेळ, ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली की. पाण्यात असताना बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) तिथेच सर्वांत जास्त बसतात आणि ब्रश पोचत नाही. लोखंडी कील घासून उघडा केला की त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर, रात्रभर ठेवला तर सकाळी गंज.

दर्यासारंग
कागदपत्रांचं कुणी बोललं नाही. गोव्यात उभी असलेली परदेशी बोट कुणा प्रवाशाने सोडून दिलेली असू शकते. विक्रेत्याकडे कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) आहे का ते आधी विचारा. नसेल तर ड्युटी भरलेली नाही, आणि ती जबाबदारी तुमच्या गळ्यात येईल. पैसे देण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकाला भेटून नोंदणी आणि नांगराची जागा दोन्ही लेखी विचारा. सागरी पोलीस ठाण्यात बोटीची माहिती द्या. किनाऱ्यावर खारफुटी असेल तर वाट काढायला एक फांदीही तोडायची नाही.

कुंडलिकाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. राजपुरीकर, जागेचं माप घेतलं. तळ १.४ मीटरला उघडा पडतो. बांबू दोन्ही ओळींत ३० ते ३५ सेंटीमीटर आत जातो, खाली घट्ट. समुद्राकडच्या टोकाला कालवं लागली. दुपारी तीनला उसळी गुडघ्याएवढी येते. बिल ऑफ एंट्रीचं विचारलंय, उत्तर नाही.

राजपुरीकर
मग १.४ अधिक ०.९ अधिक ०.३, म्हणजे २.६. भांगाच्या काही भरत्या त्याखाली असतील, महिन्यात दोन वेळा दोन-तीन दिवस बोट अडकेल. ते चालेल. पण गुडघाभर उसळी आणि टोकाला कालवं, इथे सेंटॉरचं साडेतीन टन वजन आपटणं मला पटत नाही. जागा साठ-सत्तर मीटर आत सरकवता येईल का? तिथे गाळ जास्त असेल आणि लाट मरेल.

वाघोटण
सहमत. जागा सरकत नसेल तर हर्ली घ्या. वजन दोन टनांच्या आत, आपटण्याचा मार कमी, साधी हायड्रा अर्ध्या तासात उचलते. मालवणपर्यंतच्या मुक्कामाला दोन माणसांना पुरते, तिसऱ्याला अडचण. जागा आत मिळाली आणि बिल ऑफ एंट्री हातात आली तरच सेंटॉर.

फायबरमिस्त्री
हर्लीलाही क्रेनची तीच चाचणी करा, लहान आहे म्हणून सोडू नका. सेंटॉरला गेलात तर क्रेनच्या दिवशी नटांच्या मापाचे पाने, लांब दांडी, गंज सोडवायचा स्प्रे आणि लहान आरसा न्या. स्प्रे आदल्या संध्याकाळी नटांवर मारून ठेवायला सांगा, नाहीतर सकाळी बोल्ट हलणार नाही आणि क्रेनवाला तासाचे पैसे लावत उभा राहील.

कुंडलिकाकाठ
आत ऐंशी मीटरवर जागा आहे, शेजारच्या होडीवाल्यांची हरकत नाही. येत्या द्वितीयेला तिथे बांबू घेऊन जातो आणि आकडे इथे टाकतो.